विषाणू सापडला, गाठ राहिली



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मलाजखंडच्या तांबे प्रकल्पातल्या कामगारांच्या मुलांना वर्षानुवर्षे विज्ञान शिकवले. संयोजकांच्या पत्रात एकच अपेक्षा होती: दवाखान्याच्या गर्दीत जो प्रश्न विचारायला वेळ मिळत नाही, असा एखादा घ्या. तो मी घेतला आहे. मानेत गाठ आली. रक्ताच्या तपासणीत विषाणू संसर्गाची खूणही सापडली. मग ही गाठ त्या विषाणूचीच कशावरून? ती लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग नाही, हे कोणी आणि कधी ठरवायचे?

मी विकृतिशास्त्राचा डॉक्टर आहे. रुग्ण माझ्यापर्यंत चालत येत नाही. त्याच्या गाठीचा तुकडा येतो आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर बहुधा वय, स्त्री की पुरुष, आणि ‘सर्व्हायकल नोड’, म्हणजे मानेतली ग्रंथी, एवढेच असते. कधी पुढे लिहिलेले असते, ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’, म्हणजे त्या नावाच्या विषाणूची खूण सापडली. एवढ्याने माझे काम सोपे झाले, असे लिहिणाऱ्याला वाटत असावे. ते सोपे का होत नाही, हे सांगण्यात आजचा बराचसा वेळ जाणार आहे.

बैहर-बिरसाच्या या पट्ट्यात तापाला कारणांची वाण नाही. जंगलालगतच्या वस्त्यांत मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या आहे. डेंग्यू आता शहरापुरता उरलेला नाही. क्षय आहे. सिकलसेल आहे. पावसाळा सरताना ओपीडीत बसणारा डॉक्टर ओळीने आलेल्या तापांना ‘व्हायरल आहे’ म्हणून घरी पाठवतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच ठरतो. त्याच्या या सवयीवर माझा राग नाही. ‘व्हायरल’ या निदानाला मुदत घातलेली नसते, एवढीच माझी तक्रार आहे. औषधाच्या पाकिटावर तारीख छापतात, तशी या निदानावर कोणी लिहीत नाही.

समजण्यासाठी एक मुलगा कल्पनेतला घेऊ. वय १९, आयटीआयमध्ये शिकतो. घसा दुखून ताप आला, मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी आल्या. रक्त तपासले तर लिम्फोसाइट वाढलेल्या, त्यांतल्या काही ‘एटिपिकल’. कुणा जाणत्या डॉक्टरने ईबीव्हीची तपासणी सांगितली, तिच्यातले आयजीएम नावाचे प्रतिपिंड पॉझिटिव्ह आले. निदान झाले: इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस, ग्रंथीज्वर म्हणा. तीन आठवड्यांत ताप गेला, घसा बरा झाला. गाठीही उतरल्या. फक्त डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या अगदी वर, एक राहिली. दुखत नाही, दाबली तर रबरासारखी लागते. दोन महिन्यांनी ती थोडी मोठी झाली आहे. मुलगा रात्री घामाने उठतो, बनियन बदलावे लागते. पँट सैल होते. आई जुना रिपोर्ट दाखवते आणि म्हणते, “विषाणूचं आहे म्हणून सांगितलं होतं ना.”

रिपोर्ट खोटा नव्हता. आईही चूक नाही. तरीही या मुलाची गाठ कधीच काढून तपासायला हवी होती. का, ते पाहू.

लसिका ग्रंथी म्हणजे आपल्या शरीरातल्या चौक्या. पायाला काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येते, हे घरातल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक आहे. जखम भरली की अवधाण बसते. विषाणूच्या तापातही हेच होते. फरक एवढाच की चौक्या एका जागच्या नाही तर सगळीकडच्या जाग्या होतात. त्या फुगतात कारण त्यांच्यातल्या पेशी कामासाठी भराभर वाढत असतात. आणि लिम्फोमातही याच पेशी भराभर वाढतात. तिथे मात्र काम काही नसते. बाहेरून हाताला दोन्ही गाठच लागते. आत काय चालले आहे ते कातडीवरून कळत नाही, आणि रक्तातल्या विषाणूच्या रिपोर्टवरून तर त्याहून कमी कळते.

ईबीव्ही म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना तो होऊन गेलेला असतो. लाळेतून पसरतो. आपल्याकडे तो बहुतेकांना लहानपणीच होतो आणि साध्या सर्दी-पडशासारखा निघून जातो. कुणाला पत्ताही लागत नाही. ज्यांना तो तारुण्याच्या उंबरठ्यावर प्रथम भेटतो, त्यांच्यातल्या अनेकांना घसा, ताप, गाठी असा पूर्ण ग्रंथीज्वर होतो. पुढे तो शरीर सोडून जात नाही. बी पेशींमध्ये आयुष्यभर दबून राहतो. म्हणून रक्तात त्याच्या प्रतिपिंडांची खूण सापडणे ही बातमीच नाही. खाणीतून पाळी संपवून वर येणाऱ्या प्रत्येकाच्या बुटाला धूळ लागलेली असते. तेवढ्यावरून आजचा सुरुंग कोणी उडवला ते ठरत नाही.

आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग ताजा, असे पुस्तकात लिहिलेले असते. ते अर्धे खरे आहे. दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो तेव्हाही आयजीएम दिसू शकते. सायटोमेगॅलो नावाच्या दुसऱ्या विषाणूच्या संसर्गातही ईबीव्हीची चाचणी फसते. १९३२ पासून चालत आलेल्या पॉल-बनेल चाचणीच्या वंशातली झटपट चाचणी तर खुद्द लिम्फोमाच्या काही रुग्णांतही पॉझिटिव्ह आल्याच्या नोंदी आहेत. विषाणूच्या ईबीएनए या घटकाविरुद्धचे आयजीजी प्रतिपिंड संसर्गानंतर दोन-तीन महिन्यांनी यायला लागते. आयजीएमसोबत तेही हजर असेल, तर संसर्ग ताजा असल्याचा दावा लंगडा पडतो. एवढे सगळे पाहायला हवे, आणि बहुतेक रिपोर्टांवर एकच ओळ तपासलेली असते. समजा, सगळे तपासले आणि संसर्ग ताजाच निघाला. तरी गाठीचा प्रश्न सुटत नाही. ताजा संसर्ग आणि लिम्फोमा एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. एवढेच कशाला, पहिल्याने दुसऱ्याला जन्म दिलेला असू शकतो.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण या रोगाचा इतिहासच अशा गोंधळातून सुरू झाला आहे. १८३२ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातल्या थॉमस हॉजकिनने लसिका ग्रंथी आणि पाणथरी वाढून मेलेल्या काही रुग्णांचे वर्णन लिहिले. पुढे १८६५ मध्ये सॅम्युएल विल्क्सने त्या रोगाला हॉजकिनचे नाव दिले. १८९८ मध्ये व्हिएन्नात कार्ल स्टर्नबर्गने त्या गाठींतल्या मोठ्या, एकाहून अधिक केंद्रके असलेल्या पेशींचे नेमके चित्र मांडले, आणि हा क्षयाचाच एक चमत्कारिक प्रकार आहे असा निष्कर्ष काढला. त्याला मूर्ख म्हणू नका. त्याच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना खरोखरच क्षय होता. जंतू समोर दिसत होता, गाठही समोर दिसत होती. दोहोंची सांगड घालणे स्वाभाविक होते, आणि ते साफ चुकले. १९०२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये डोरोथी रीड या तरुण बाईने दाखवले की क्षय सोबत असला तरी हा रोग वेगळा आहे. पुढे तिथे बाईला अध्यापनाची जागा मिळण्याची आशा नाही, हे स्पष्ट झाल्यावर त्या निघून गेल्या. आज मी सूक्ष्मदर्शकाखाली जी पेशी शोधतो तिला रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. ज्याने जोडी चुकीची लावली आणि जिने ती सोडवली, दोघांची नावे एकत्र.

गोष्ट इथे संपली असती तर धडा सोपा होता: संसर्ग हा नुसता सोबती, कारण नव्हे. पण साठ वर्षांनी निकाल उलटा लागला. युगांडातल्या मुलागो रुग्णालयात काम करणाऱ्या डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाला १९५७ मध्ये जबड्याच्या चारही कोपऱ्यांत गाठी असलेले एक मूल दिसले. मग तसलीच मुले दिसत गेली. १९५८ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. जुनी मोटार घेऊन तो आफ्रिकेत हजारो मैल फिरला, आणि जिथे उष्णता आणि पाऊस आहे तिथेच हा रोग आहे, असे नकाशावर दाखवले. तो मलेरियाचाच नकाशा होता. २२ मार्च १९६१ रोजी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्याचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन हा संशोधक होता; हा विषाणूचा खेळ असणार, हे त्याने तिथेच हेरले. मग विमानाने गाठींचे नमुने लंडनला येऊ लागले. दोन-तीन वर्षे काही सापडेना. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवावे लागले आणि नमुना उशिरा पोहोचला. बाटलीतला द्रव गढूळ झाला होता. जंतू लागून नासला म्हणून कुणीही फेकून दिला असता. एपस्टाइनने थेंब काचेवर घेऊन पाहिला. गढूळपणा जिवंत, मोकळ्या तरंगणाऱ्या गाठीच्या पेशींचा होता. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या, आणि १९६४ मध्ये एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी त्यांच्यातला विषाणू जगापुढे ठेवला. तीन वर्षांनी फिलाडेल्फियात वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याच्या प्रयोगशाळेतली एक मदतनीस ग्रंथीज्वराने आजारी पडली. आजारापूर्वी तिच्या रक्तात ईबीव्हीची प्रतिपिंडे नव्हती, आजारानंतर होती. आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यातला विषाणू तोच निघाला, जो कॉलेजातल्या पोरांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवतो.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस लॉरेन्स वाइस यांनी हॉजकिनच्या रोगातल्या त्या मोठ्या पेशींमध्येच या विषाणूचा जनुकीय ठसा असल्याचे दाखवले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ईबीव्हीला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्यांच्या यादीत बसवले. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या अभ्यासाने २००३ मध्ये सांगितले की ग्रंथीज्वर होऊन गेलेल्या तरुणांत ईबीव्ही असलेला हॉजकिन लिम्फोमा होण्याचा धोका वाढतो, आणि मधला काळ साधारण चार वर्षांचा असतो. घाबरू नका: ग्रंथीज्वर झालेल्या हजारात सुमारे एकालाच हे होते. भारतातल्या मुलांच्या हॉजकिन लिम्फोमात मात्र हा विषाणू पाश्चात्त्य देशांहून कितीतरी अधिक वेळा सापडतो, असे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसले आहे.

टाटाचे नाव आले म्हणून दोन मराठी माणसांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि त्याच्या विकृतिशास्त्र विभागाची घडी वसंत रामजी खानोलकरांनी बसवली. पुढे १९५२ मध्ये त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे केले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कमल रणदिवे पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. बॉल्टिमोरमध्ये जॉर्ज गे यांच्याकडे ऊतीसंवर्धन शिकून त्या परतल्या आणि मुंबईत त्यांनी त्याची प्रयोगशाळा सुरू केली, देशातली पहिली. उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी काम केले. एकच विषाणू एका वंशाच्या उंदराला बाधतो, दुसऱ्याला नाही. संप्रेरके बदलली की चित्र बदलते. विषाणू, वंश, शरीरातली परिस्थिती हे सारे मिळून गाठ घडते, एकटा विषाणू नाही. बर्किटचा विषाणू सापडण्याच्या सुमारास आपल्या परळमध्ये हा विचार चालू होता, हे शाळेत सांगितले जात नाही. उतारवयात रणदिव्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम हाती घेतले. मलाजखंडमध्ये बसून आपण हे ऐकतो तेव्हा ते काम अधिक जवळचे वाटावे.

आता माझ्या टेबलाकडे येतो. आतापर्यंत मी लिम्फोमाला ‘व्हायरल’ म्हणण्याच्या चुकीबद्दल बोललो. उलटी चूकही तितकीच घातक आहे, आणि ती माझ्या शास्त्राच्या लोकांकडून होते. ग्रंथीज्वराच्या भरात काढलेली गाठ काचेवर पाहिली तर अंगावर काटा येतो. मोठमोठ्या, फुगलेल्या, विभागणाऱ्या पेशी. त्यांतल्या काही हुबेहूब रीड-स्टर्नबर्गसारख्या. सीडी ३० नावाचे रंगलक्षण हॉजकिनमध्ये हमखास असते. ते या निरपराध पेशींवरही असते. नवखा वाचक तिथेच ‘लिम्फोमा’ लिहून मोकळा होतो, आणि काही आठवड्यांत आपोआप बरा होणारा मुलगा केमोथेरपीच्या दाराशी उभा राहतो. अशा वेळी गाठीची घडण पाहावी लागते. ग्रंथीच्या आतले रस्ते, कप्पे जागेवर आहेत का? पेशी लहान, मध्यम, मोठ्या अशा सगळ्या पायऱ्यांच्या आहेत का, की एकाच साच्यातल्या? मोठ्या पेशींवर सीडी १५ आहे का? विषाणूचा ठसा दाखवणारी ‘ईबर’ ही रंगचाचणी केली, तर तो लहानमोठ्या सगळ्या पेशींत विखुरलेला आहे, की फक्त त्या राक्षसी पेशींत? बी पेशी कप्पा आणि लॅम्बडा असे दोन प्रकारचे प्रथिन बनवतात; दोन्ही असतील तर गर्दी निरनिराळ्या घरांतली, एकच असेल तर सगळी एकाच पेशीची पिलावळ. यातले एकही लक्षण एकटे पुरत नाही. आणि हे सगळे वाचायला मला चिठ्ठीवर एक गोष्ट हवी असते, जी कधीच नसते: गाठ किती दिवसांची आहे. दहा दिवसांच्या तापातली ती गाठ आणि तीन महिने टिकलेली तीच गाठ, यांचे वाचन वेगळे आहे.

गाठीचा आणखी एक रोग सांगतो, कारण नाव ऐकलेले नसते म्हणून भीती वाटते. १९७२ मध्ये जपानमध्ये किकुची आणि फुजिमोतो यांनी वर्णन केलेला. बहुधा तरुण मुलींना, मानेत गाठ, ताप. काचेवर लिम्फोमासारखा गोंधळ. आणि काही महिन्यांत आपोआप बरा. लिम्फोमा समजून या मुलींवर जगभर उपचार झाले आहेत.

गाठ लहान झाली म्हणजे धोका टळला, ही समजूत तर सगळ्यात फसवी. १९७१ मध्ये युगांडातून नोंद आली: एका मुलाच्या डोळ्याभोवतालचा बर्किट लिम्फोमा गोवर आल्यावर विरघळला. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून तसलीच: ६१ वर्षांच्या माणसाला ईबीव्ही असलेला हॉजकिन लिम्फोमा, उपचार सुरू होण्याआधीच कोविड झाला, आणि चार महिन्यांनी गाठी बऱ्याच ओसरलेल्या. असे क्वचितच होते. यावरून कुणी विषाणू अंगावर घेऊ नये, पण एक समजून घ्यावे: विषाणूचा ताप येऊन गाठ बसणे, हा गाठ साधी असल्याचा पुरावा नाही. काही लिम्फोमांच्या गाठी तर औषधाविना महिनोन्‌महिने कमीजास्त होत राहतात.

आणि जे क्वचित नाही, आपल्याकडे रोज घडते, ते स्टेरॉइडचे. गावात ताप-अंगदुखीला जे इंजेक्शन मिळते, ज्याने संध्याकाळपर्यंत भूक लागते आणि अंग हलके होते, त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोन असते. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात. लिम्फोमाच्या खऱ्या उपचारातही ते औषध वापरतात. म्हणून गाठ बसते. देणाऱ्याचे नाव होते. तीन-चार आठवड्यांत ती परत येते, अधिक हट्टी होऊन. मधल्या काळात कुणी बायोप्सी केलीच, तर माझ्या काचेवर मेलेल्या पेशींचा चिखल येतो, आणि मी लिहितो ‘अनिर्णित’. माझ्या हातून गेलेल्या अहवालांत या शब्दाइतका रुग्णाला महाग पडणारा शब्द दुसरा नसेल. गाठीचे निदान होईपर्यंत स्टेरॉइड नको, जीवावर बेतले नसेल तर नकोच. कोणतेही इंजेक्शन घेण्याआधी त्याचे नाव विचारा आणि कागदावर लिहून मागा. उत्तर द्यायला कुणी तयार नसेल, तर उठून या.

विषाणूची खूण नेहमी दिशाभूलच करते असे मात्र नाही. एचआयव्हीबाधित माणसाच्या ग्रंथी खुद्द एचआयव्हीने फुगतात, क्षयाने फुगतात, लिम्फोमानेही फुगतात, आणि एकाच गाठीत यांतले दोन सापडू शकतात; तिथे खूण सापडल्यावर तपासणी थांबवायची नसते, वाढवायची असते. हेपटायटिस सीचे उदाहरण तर सुंदर आहे. २००२ मध्ये फ्रान्सच्या ऑलिव्हिए एरमीन आणि सहकाऱ्यांनी पाणथरीच्या एका संथ लिम्फोमाच्या नऊ रुग्णांना हेपटायटिस सीसाठी इंटरफेरॉन दिले. विषाणू ज्यांच्या रक्तातून गेला, त्यांचा लिम्फोमाही गेला, नवांपैकी सातांचा. त्याच लिम्फोमाच्या पण विषाणू नसलेल्या रुग्णांना त्या औषधाने काही झाले नाही. हेपटायटिस बीचे वेगळे: लिम्फोमावर रिटुक्सिमॅब हे औषध दिले की यकृतात झोपलेला हा विषाणू जागा होऊन यकृत निकामी करू शकतो. म्हणून पहिल्या केमोच्या आधी त्याची तपासणी झालीच पाहिजे, पृष्ठभागाचे प्रतिजन आणि कोअरची प्रतिपिंडे, दोन्ही.

पाणथरीची गोष्ट निघालीच आहे, तर या भागाची खास अडचण सांगतो. इथे मोठी पाणथरी पाहिली की मलेरिया किंवा सिकलसेल आठवते, आणि योग्यच आठवते. गोंड समाजात सिकलसेलचे जनुक आहे. मलेरिया उपचाराने गेला, सिकलची तपासणी नकारात्मक आली, आणि तरी महिन्यांमागून महिने पाणथरी वाढतेच आहे, तर तिसऱ्या कारणाचा शोध घ्यायला हवा. मानेच्या गाठीचे तसेच: गंडमाळा म्हणून सहा महिने क्षयाच्या गोळ्या. क्षय इथे खरोखर आहे, त्यामुळे अंदाज बरेचदा लागतो. पण जंतू न दाखवता, तुकडा न पाहता सुरू केलेल्या गोळ्यांवर दोन महिन्यांत गाठ लहान झाली नाही तर गोळ्या बदलण्याच्या आधी निदान बदलून पाहावे.

मग मुदत किती? चार ते सहा आठवडे. विषाणूच्या तापातली गाठ एवढ्यात उतरणीला लागते. एक सेंटीमीटरहून मोठी गाठ त्यानंतरही राहिली किंवा वाढली, तर ती तपासायची. काही गाठींना तेवढीही मुदत द्यायची नाही: गळ्याच्या हाडावरची गाठ, चेहरा सुजवणारी किंवा धाप लावणारी छातीतली गाठ, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, सहा महिन्यांत वजनाचा दहावा हिस्सा गेलेला. छातीचा साधा एक्स-रे इथेही होतो आणि छातीतली मोठी गाठ त्यात दिसते. तो काढायला कशाचीच वाट पाहू नये. आपल्या कल्पनेतल्या मुलाच्या बाबतीत गाठीची जागाच पुरेशी होती. आयजीएमचा आकडा काहीही असो.

तपासायची म्हणजे कशी? सुईची तपासणी, एफएनएसी, स्वस्त आहे, सोपी आहे आणि क्षयासाठी फार उपयोगी आहे. पण सुईत पेशी येतात, घडण येत नाही. आणि आत्ताच सांगितले की विषाणू आणि लिम्फोमा यांच्यातला वाद घडणीवरच सुटतो. म्हणून सुईचा अहवाल ‘रिॲक्टिव्ह’ आला आणि गाठ तशीच राहिली, तर तिथे थांबू नये. पूर्ण ग्रंथी काढावी. सर्वांत मोठी, सर्वांत संशयास्पद. हाताला सोपी म्हणून जांघेतली नको. सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे मी गावोगाव ऐकतो. लिम्फोमा तर मुळातच लसिका वाहिन्यांच्या वाटेने फिरणारा रोग आहे. सुईने त्याला नवी वाट मिळत नाही. पसरायला त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ आपणच देतो.

शस्त्रक्रिया करणाऱ्या माझ्या मित्रांसाठी एक गोष्ट, जी या सभेत बोलण्यासारखी नाही पण बोलतो. गाठ काढली की दोन बाटल्या. एक फॉर्मालिनची, तुकड्याच्या दहापट द्रव असलेली, माझ्यासाठी. दुसरी सलाइनची, क्षयाच्या तपासणीसाठी, कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर उगवत नाही. दोन्ही प्रश्न एकाच चिरेत सुटतात. दुसऱ्यांदा चीर घ्यायला रुग्ण परत येईलच असे नाही. आणि रुग्ण वेळेवर यावा, तर त्याच्याशी आधी कुणीतरी बोलावे लागते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली; नोंदणीचे लोक गावोगाव जाऊन बोलू लागले आणि बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. नुसत्या बोलण्याने एवढे झाले. गाठींबद्दल इथे तसे कुणी बोलत नाही.

निदानानंतर जायचे कुठे? इथून बालाघाट नव्वद किलोमीटर, पुढे गोंदिया, मग नागपूर, दुसरीकडे जबलपूर. नागपूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तुकडोजी महाराजांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. आयुष्मान कार्ड यादीतल्या रुग्णालयात राज्याची सीमा ओलांडूनही चालते. हॉजकिन लिम्फोमाचे दहांपैकी आठ रुग्ण, वेळेवर उपचार मिळाले तर, बरे होतात. कर्करोगांत असे थोडेच आहेत. पण मोठ्या रुग्णालयात गेल्यावर पहिल्यांदा विचारतात ते माझ्या कपाटातल्या वस्तूबद्दल. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. सीडी ३० असो, ईबर असो, पुढच्या सगळ्या चाचण्या त्याच ठोकळ्यातून काप काढून होतात. अहवालाचा कागद घेऊन गेलात तर तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ठोकळा आणि काचा घेऊन गेलात तर तिथले काम त्याच दिवशी सुरू होऊ शकते. ते मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. प्रयोगशाळेत अर्ज द्यावा, पावती घ्यावी, ठोकळा उन्हात किंवा मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, कारण मेण वितळते. आणि सोबतच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात: गाठ पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसली, आणि त्यानंतर कोणकोणती इंजेक्शने झाली.